फ्रान्समधली गोष्टीतली गावं: दहा रात्रींत किती बघायची आणि कशी

नाशिकच्या एका दांपत्याने विचारलंय: सप्टेंबरअखेर दहा रात्री हातात आहेत, सोबत सत्तरी ओलांडलेल्या आई, त्या शाकाहारी आणि गुडघे कुरकुरणारे. यादीत कोलमार, रिकविर, गोर्द आणि तिथली लॅव्हेंडरची शेतं, सार्ला, सँ-सिर्क-लापोपी, मों-सँ-मिशेल आणि जिव्हर्नी. गाडी भाड्याने घ्यावी का, आईंच्या जेवणाचं काय, आणि फोटोत दिसतात तशी ही गावं खरंच असतात की पर्यटकांसाठी नटवलेली असतात?

फ्रान्सच्या सहली आखून देणं आणि छोटे गट घेऊन जाणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे, म्हणून स्पष्टच सांगते. यादीतली निम्म्याहून जास्त नावं खोडा. ही सात ठिकाणं नकाशावर टाकलीत तर फ्रान्सचे चारही कोपरे होतात. कोलमार-रिकविर ज्यात येतात त्या पूर्वेकडच्या आल्सासमधून सार्लाच्या बाजूच्या दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात गाडीने जायचं तर अख्खा दिवस महामार्गावर जातो, आणि तिथून मों-सँ-मिशेल म्हणजे आणखी एक दिवस. लॅव्हेंडर तर सप्टेंबरमध्ये नसतंच. गोर्दजवळच्या सेनाँक मठापुढचं ते जांभळं शेत जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत फुललेलं असतं, त्यानंतर कापणी होते. तुम्हाला दिसतील ते कापलेले करडे झुडुपांचे गड्डे. त्यामुळे गोर्द या खेपेला बाद. मों-सँ-मिशेल अप्रतिम आहे, पण ते गाव बघायला कोणी जात नाही, मठ बघायला जातात, आणि तिथल्या पायऱ्या आईंच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत.

माझी शिफारस अशी: पॅरिस दोन रात्री, आल्सास चार, दिजाँ शहराचा बरगंडी प्रांत तीन, शेवटची एक रात्र परत पॅरिस. जिव्हर्नी हवंच असेल तर पॅरिसमधून अर्ध्या दिवसात होतं. सँ-लाझार स्टेशनवरून व्हेर्नोंपर्यंत पाऊण-एक तासाची रेल्वे, पुढे बस. तिथली चित्रकार क्लोद मोने यांची बाग 1 नोव्हेंबरपर्यंत उघडी असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

गावं खरी आहेत. पण ती तशीच्या तशी राहिली याला कारणं आहेत, आणि ती कारणं फारशी गोड नाहीत. फ्रान्समधली बहुतेक देखणी गावं एकेकाळी श्रीमंत होती आणि मग मागे पडली. रिकविरचंच घ्या. सोळाव्या शतकात वाइनच्या पैशावर तिथे घरं उठली. मग 1618 ते 1648 हे तीस वर्षांचं युद्ध आल्सासवरून फिरलं, वस्ती ओसरली, पैसा आटला. नवं बांधायला पैसा नाही म्हणून जुनं टिकलं. इतर ठिकाणी रेल्वेमार्ग दुसरीकडून गेला, द्राक्षवेली कीड लागून गेल्या, तरुण शहराकडे गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर यातली कितीतरी गावं पडायला आली होती.

मग दोन गोष्टी घडल्या. 1962 मध्ये आंद्रे मालरो संस्कृतिमंत्री असताना जुन्या वस्त्या सबंध जपण्याचा कायदा झाला. त्याआधी जपणूक एकेका वास्तूची व्हायची, आता अख्खी पेठ संरक्षित करता येऊ लागली. तुमच्या यादीतलं सार्ला हे त्या कायद्याखाली सर्वांत आधी सावरलेल्या ठिकाणांपैकी एक. दुसरी गोष्ट 1982 ची. कोरेझ जिल्ह्यात कोलाँज-ला-रूज नावाचं लाल वालुकाश्माचं गाव आहे. तिथले महापौर शार्ल सेराक यांनी पुढाकार घेऊन ‘फ्रान्सची सर्वांत सुंदर गावं’ अशी संघटना उभी केली. आज तिच्यात 180 च्या आसपास गावं आहेत. लोकसंख्या दोन हजारांच्या आत, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं, आणि अर्जाला गावच्या कौन्सिलचा ठराव, या मुख्य अटी. शिवाय संरक्षित वास्तूच्या भोवती साधारण अर्ध्या किलोमीटरच्या टापूत बाहेरून काही बदलायचं झालं तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागतं. खिडकीच्या झडपा कुठल्या रंगाच्या, छपरावर कौल कुठलं, इथपर्यंत. म्हणून तिथे कुणाच्या घरावर वाढदिवसाचे फ्लेक्स दिसत नाहीत!

तर ही गावं ‘नटवलेली’ आहेत का, याचं उत्तर हो आणि नाही. घरं खरी, लाकूड खरं, माणसं राहतात ती खरी. पण ते तसं दिसत राहावं म्हणून रोज मेहनत घेतली जाते, आणि त्या मेहनतीचा खर्च बराचसा पर्यटकांच्या खिशातून निघतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात रिकविरच्या मुख्य रस्त्यावर जाल तर तुम्हाला दुकानं आणि डोकी दिसतील. गाव दिसतं त्याच्या आधी आणि नंतर. माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा एवढाच आहे: एक टापू धरा आणि गावातच मुक्काम करा. कोलमारच्या हॉटेलात राहून दिवसाला चार गावं ‘करणं’ सोपं आहे, पण मग तुम्हाला चारही वेळा ती गर्दीची सहा तासांची आवृत्तीच मिळते.

सप्टेंबरअखेरीचा एक फायदा आहे. आल्सासमध्ये तेव्हा सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे पहाटेचा उजेड बघायला चारला उठावं लागत नाही. साडेसातला आईंना घेऊन बाहेर पडा. बेकरी उघडलेली असते, कचऱ्याची गाडी येऊन गेलेली असते, द्राक्षं तोडायला निघालेले ट्रॅक्टर गल्लीतून जातात. दोन तासांत सगळं गाव फिरून होतं आणि पहिली बस यायच्या आत तुम्ही नाश्त्याला परत.

मुक्कामासाठी मी एगिशाइम सुचवेन. कोलमारपासून सहा-सात किलोमीटर. रिकविर जास्त प्रसिद्ध असलं तरी तिथला मुख्य रस्ता चढाचा आहे आणि दुकानांनी भरलेला. एगिशाइम जवळजवळ सपाट आहे आणि त्याची रचनाच मजेशीर. मध्ये छोटी गढी, तिच्याभोवती घरांची कडी, एकात एक. जुन्या तटाच्या आतून जाणारी अरुंद गल्ली धरून चालत राहिलात की जिथून निघालात तिथेच परत येता. आईंना मधूनच थकवा आला तर कुठूनही चौक दोन-तीन मिनिटांवर. त्या चौकात पोप लिओ नववे यांचा पुतळा आहे. हे पोप 1002 मध्ये याच गावी जन्मले असं मानतात.

खोली घेताना दोन गोष्टी यजमानांना लिहून विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, आणि गाडी किंवा टॅक्सी दारापर्यंत येते का. या घरांना लिफ्ट नसते. जिने लाकडी, उभे, कधीकधी गोल फिरणारे. फोटोत खोली सुंदर दिसते आणि जिन्याचा फोटो कोणी टाकत नाही. गावात फरसबंदी आहे, चाकाची मोठी बॅग त्यावरून ओढताना सगळं गाव जागं होतं, म्हणून सामान कमी आणा. आईंना जाड तळव्याचे, बांधायचे बूट. चपला नकोत.

आता घरांबद्दल थोडं, कारण नुसतं ‘किती गोड’ म्हणून पुढे जाण्यासारखी ती नाहीत. खालचा मजला दगडी, वरचे मजले ओकच्या लाकडी चौकटीचे, चौकटींच्या मधल्या जागा काटक्यांच्या विणीवर माती आणि गवताचा लगदा थापून भरलेल्या. कुडाच्या भिंतीचीच ही जात, फक्त सांगाडा भक्कम. सुतार आधी जमिनीवर सगळा सांगाडा जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरायचे आणि मग उभा करायचे. नीट बघितलंत तर काही तुळयांवर त्या रोमन आकड्यांच्या खाचा आजही दिसतात. सांगाडा सुटा होत असल्यामुळे घर उतरवून दुसरीकडे नेता यायचं, आणि न्यायचेही. ही घरं आतून बघायची असतील तर उंगर्सहाइमला आल्सासचं खुलं संग्रहालय आहे, 1984 पासून लोकांसाठी उघडलेलं. पाडली जाणार होती अशी शेतकऱ्यांची घरं खांब-तुळयांसकट उतरवून तिथे पुन्हा उभी केली आहेत. लोहार, कुंभार काम करत असतात, घरांच्या छपरांवर करकोच्यांची घरटी. सपाट जागा, बसायला बाक भरपूर. आईंसाठी एक पूर्ण दिवस द्या.

करकोच्यांवरून आठवलं. आल्सासच्या प्रत्येक मग, टॉवेल आणि चॉकलेटवर हा पक्षी असतो, पण 1970 च्या दशकात त्याच्या जोड्या अख्ख्या आल्सासमध्ये दहाच्या आत आल्या होत्या. युनाविर गावाजवळच्या केंद्रात त्यांची पैदास करून ते परत आणले गेले. बरेचसे ऑगस्टमध्येच दक्षिणेला निघून जातात, त्यामुळे सप्टेंबरअखेर गावातली घरटी बहुतेक रिकामी दिसतील. केंद्रात मात्र दिसतात. युनाविरला तटबंदी असलेलं चर्चही आहे, द्राक्षमळ्यांच्या मध्ये टेकाडावर. तिथे चढ आहे, पण सौम्य.

आणि आता ज्या चित्रासाठी तुम्ही निघाला आहात त्या चित्राबद्दल. लाल घागऱ्या आणि मोठ्या काळ्या फितीच्या टोप्या घातलेल्या मुली, करकोचे, तिरकी घरं: आल्सासची ही गोष्टीतली प्रतिमा मोठ्या प्रमाणात एका माणसाने रंगवली आहे. कोलमारचा चित्रकार ज्याँ-जाक वाल्त्स, जो ‘आंझी’ या नावाने चित्रं काढायचा. 1871 मध्ये आल्सास जर्मनीकडे गेलं आणि 1918 पर्यंत तिकडेच राहिलं. आंझीने मुलांच्या पुस्तकांसारखी दिसणारी चित्रं काढली, पण त्यांतले जर्मन शिक्षक आणि पोलीस पाहिलेत तर डंख कळतो. 1914 मध्ये जर्मन न्यायालयाने त्याला तुरुंगवास ठोठावला, तो निसटून फ्रान्सच्या सैन्यात दाखल झाला. त्याची चित्रं रिकविर आणि कोलमारमध्ये बघायला मिळतात. ती बघून मग बाहेरची घरं बघा.

या चित्राबाहेरचं आल्सासही दिसावं म्हणून जवळच्या कायझर्सबर्ग गावाहून परतताना टॅक्सीवाल्याला बेनविरमधून न्यायला सांगा. कुठल्याही पर्यटन पत्रकावर हे नाव नसतं. 1944 च्या डिसेंबरपासून 1945 च्या फेब्रुवारीपर्यंत कोलमारभोवती जी लढाई झाली तीत हे गाव जवळजवळ पूर्ण नष्ट झालं. शेजारचं सिगोल्सहाइमही. रिकविर तिथून हाकेच्या अंतरावर, ते वाचलं. बेनविर युद्धानंतर नव्याने बांधलं गेलं, सरळ, स्वच्छ, रुंद रस्त्यांचं. तिथे फोटो काढायला कोणी थांबत नाही. सिगोल्सहाइमवरच्या टेकडीवर फ्रेंच सैन्याची दफनभूमी आहे. उत्तर आफ्रिकेतून आणलेल्या सैनिकांची थडगी मोठ्या संख्येने आहेत, आणि खाली सगळा द्राक्षांचा पट्टा पसरलेला. या भागातलं सर्वांत चांगलं दृश्य माझ्या मते तिथून दिसतं, आणि गाडी जवळपर्यंत जाते.

प्रत्येक गावात युद्धस्मारकही बघा. फ्रान्सभर त्यावर ‘फ्रान्ससाठी मेले’ असं कोरलेलं असतं. आल्सासमध्ये बहुतेक ठिकाणी नुसतंच ‘आमच्या मृतांना’. पहिल्या महायुद्धात इथली मुलं जर्मनीच्या गणवेशात लढली होती, लिहिणार काय?

कायझर्सबर्गला अर्धा दिवस. 1514 चा तटबंदीचा दगडी पूल, खाली व्हाइस नदी खळाळत जाते. आफ्रिकेत रुग्णालय चालवणारे नोबेलविजेते डॉक्टर आल्बर्ट श्वाइत्झर 1875 मध्ये इथे जन्मले, त्यांचं केंद्र मुख्य रस्त्यालाच आहे. रस्ता सपाट, वरचा पडका किल्ला खालूनच बघायचा. रिकविरला संध्याकाळी पाचनंतर जा, तासभर पुरे. दॉल्दर नावाची 1291 ची उंच वेस आहे, गावाच्या आतल्या बाजूने ती लाकडी नक्षीची आणि गोजिरी, बाहेरच्या बाजूने उघडीबोडकी दगडी. शत्रूसाठी एक तोंड, घरच्यांसाठी दुसरं. रिबोविले, बेर्गाइम जमलं तर, नाहीतर राहू द्या.

तुम्ही नाशिकचे, द्राक्षमळ्यांचं अप्रूप तुम्हाला नसेल. पण इथल्या वेली मांडवावर नाहीत, तारांवर चढवलेल्या उभ्या ओळींत, उतारावर, आणि घराच्या भिंतीला लागून सुरू होतात. सप्टेंबरअखेर तोडणी चालू असेल किंवा नुकती संपलेली असेल. तोडणीच्या काळात काही ठिकाणी मळ्यांतल्या पायवाटा फिरणाऱ्यांसाठी बंद ठेवतात, तिथे फलक असतो, तो पाळा. एक-दोन द्राक्षं तोडून चाखायचा मोह आवरा. या दिवसांत अजून फसफसणारी कोवळी वाइन अक्रोडांसोबत प्यायला मिळते. ती गोड लागते म्हणून पाण्यासारखी पिऊ नका.

गाडीचं बोलू. आल्सासमध्ये मी तुम्हाला गाडी घेऊ नका असंच म्हणेन. पॅरिसच्या पूर्व स्टेशनवरून कोलमार थेट वेगवान रेल्वेने सव्वादोन-अडीच तास. कोलमारहून गावांना बस आहेत, पण थोड्या, आणि रविवारी त्याहून थोड्या. आई सोबत असताना दोन दिवस टॅक्सी ठरवून घेणं गाडीच्या भाड्यापेक्षा महाग पडतं, तरी पार्किंगसाठी गावाबाहेर घिरट्या घालण्यापेक्षा बरं. शिवाय वाइनची चव घ्यायची असेल तर चालक दुसराच हवा. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम, आणि तपासणी होते.

बरगंडीत मात्र गाडीशिवाय इलाज नाही. कोलमारहून दिजाँला रेल्वेने या, काही गाड्यांना मुलूझला बदल आहे. गाडी दिजाँ स्टेशनवर घ्या. भारतीय परवाना आणि त्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. आधी सांगून ऑटोमॅटिक ठेवा. डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर बदलण्याचा सराव खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर सुरू करण्यात अर्थ नाही. गावाच्या नावाची पाटी दिसली की वेगमर्यादा 50, वेगळा फलक असो वा नसो. मधल्या मोकळ्या रस्त्यांवर 2018 पासून बहुतेक ठिकाणी 80, काही जिल्ह्यांनी ती परत 90 केली आहे. वेगाचा दंड गाडीच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी येतो, वर तिचं हाताळणी शुल्क. आणि एक नियम आपल्याकडच्यांना हमखास चकवतो: जिथे काही खूण नाही तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर असलात आणि तो बोळातून येत असला तरी. खेड्यात हे सारखं घडतं. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, तेवढं लक्षात ठेवा. रात्री उशिरा गाडी नको. रस्त्याला दिवे नसतात, बरीच गावं रात्री आपले दिवेही बंद करतात, आणि हरणं आडवी येतात.

बरगंडीत जायचं ते फ्लाव्हिन्यी-स्यूर-ओझरँसाठी. दिजाँहून साधारण तासाभराच्या अंतरावर, टेकडीवर, वस्ती जेमतेम तीनशेच्या आसपास. आल्सासच्या रंगांनंतर हे एकदम करडं वाटेल: राखाडी दगड, भिंतींवर शेवाळ, अर्धी दारं बंद. मला हे जास्त आवडतं. इथल्या जुन्या मठाच्या इमारतीत बडीशेपेच्या गोळ्या बनतात, डबीवर 1591 साल छापलेलं असतं. बडीशेपेचा एकच दाणा मधोमध, त्यावर साखरेच्या पाकाचे थरावर थर, सुमारे पंधरा दिवस चढवत राहायचे, की वाटाण्याएवढी पांढरी गोळी होते. जेवणानंतर पानाच्या तबकात आपल्याकडे ठेवतात त्या रंगीत गोळ्यांची ही थोरली बहीण. आई खूश होतील, आणि गावी वाटायला याहून हलकी भेट नाही. जवळच अलीस-सँत-रेन, जिथे इसवी सनपूर्व 52 मध्ये ज्युलियस सीझरने गॉल सरदार वेर्सिंजेतोरिक्सला वेढा घालून शरण आणलं. दुसऱ्या बाजूला 1118 चा फोंतने मठ, जंगलातल्या दरीत, सपाट, शांत. वेझले हे गाव थोडं लांब आणि चढाचं आहे, तुमच्या वेळापत्रकात मी ते घालणार नाही.

याच भागात कुठलीही यादी बाजूला ठेवून एक दुपार फिरा. फ्रान्समध्ये जवळपास पस्तीस हजार ग्रामपंचायती-नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गावांत पाचशेसुद्धा माणसं नाहीत. त्यापुढे संघटनेची 180 म्हणजे किती? बिनशिक्क्याच्या गावात पार्किंग फुकट, चर्चचं दार उघडं, आणि बाकावर बसलेला म्हातारा बोलायला मोकळा. तिथे तुम्हाला हेही दिसेल की शाळा बंद पडली आहे, बेकरी गेली आहे, तिच्या जागी पावाचं यंत्र उभं आहे, आणि निम्म्या घरांच्या झडपा उन्हाळा सोडून मिटलेल्या असतात, कारण मालक शहरात राहतो. कोकणातलं कुलूपबंद घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जेवण. इथे घड्याळ आधी, पदार्थ नंतर. दुपारचं जेवण बारा ते दीड-दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी दारात उभे राहिलात तर मालक हळहळेल, पण भटारखाना बंद झालेला असेल. रात्रीचं साडेसातच्या पुढे. छोट्या गावात एक किंवा दोनच उपाहारगृहं असतात आणि तीही रविवारी रात्री, सोमवारी, कधी मंगळवारीही बंद. त्यामुळे आदल्या दिवशी यजमानांकरवी फोन करून टेबल राखा. आईंना वेळेवर औषध-जेवण लागत असेल तर पाव, चीज, फळं, दही असा शिधा खोलीत ठेवाच. गावात किराणा मिळेल असं धरून चालू नका, वाटेतल्या मोठ्या सुपरमार्केटमधून घ्या, रविवारी दुपारनंतर तीही बहुतेक बंद.

शाकाहाराबद्दल: आल्सासचा पातळ भाकरीसारखा भाजलेला, साय आणि कांदा पसरलेला तार्त फ्लाँबे छान असतो, पण त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. ते नकोत म्हणून आधी सांगा, किंवा अळंब्यांचा मागा. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. मासे खाणाऱ्यालाही तिथे काही जण शाकाहारी समजतात, म्हणून मांस नाही, मासे नाहीत, असं मोडून सांगा, अंडं चालतं की नाही तेही. कुगलोफ केकमध्ये अंडी असतात. पारंपरिक चीज बनवताना वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, आई त्याबाबत काटेकोर असतील तर आधी ठरवा. सर्वांत निर्धास्त गोष्ट म्हणजे पाव. ‘परंपरागत फ्रेंच पाव’ म्हणून विकायचा तर 1993 च्या नियमानुसार तो पीठ, पाणी, मीठ आणि किण्व एवढ्यावरच उभा असतो, दूध-अंडं नाही. मेतकूट, चटणी, लोणच्याची छोटी बाटली न्या आणि त्या पावासोबत खा. तूप, पेढे, पनीर मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

वागण्यातली एकच गोष्ट सांगते. दुकानात, बेकरीत, बसमध्ये शिरताना ‘बाँजूर’ म्हणायचंच. न बोलता थेट किंमत विचारली की चेहरे आक्रसतात आणि मग आपण परत येऊन सांगतो, फ्रेंच लोक तुसडे असतात. आणि ज्या पायरीवर बसून फोटो काढावासा वाटतो ती कुणाच्या तरी घराची आहे, आत माणूस जेवत असतो.

सार्ला, बेनाक, ला रोक-गाजाक, दोम हा दोर्दोन्यचा पट्टा पुढच्या सहलीसाठी राखून ठेवा, आणि तेव्हा फक्त तोच करा. पॅरिस-बोर्दो दोन तास, पुढे गाडी, एक घर आठवडाभर भाड्याने. तिथली घरं उन्हाळ्यात शनिवार ते शनिवारच देतात, तारखा त्याप्रमाणे धरा. कड्याला चिकटलेलं पिवळट दगडाचं ला रोक-गाजाक सकाळच्या उन्हात विलक्षण दिसतं. 1957 मध्ये त्या कड्याचा भाग कोसळून घरं गेली आणि माणसंही. नदीतून सपाट बुडाच्या लाकडी होडीतून पाहिलंत तर गुडघ्यांना त्रास नाही. बेनाक आणि समोरचा कास्तेलनो हे किल्ले इंग्रज-फ्रेंच शंभर वर्षांच्या युद्धात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते. त्याच भागात आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या लास्को गुहेची प्रतिकृती आहे. मूळ गुहा 1940 मध्ये सापडली आणि श्वासातल्या बाष्पाने चित्रं खराब होऊ लागल्यावर 1963 मध्ये बंद केली. सँ-सिर्क-लापोपी लोत नदीवर शंभर मीटर उंच कड्यावर आहे, वाहनतळ वर आणि गल्ल्या उतरत्या. जाताना मजा, परत चढताना आईंचे हाल. ते तुम्ही दोघांनी जा.

राहिली तयारीची क्रमवारी. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, नियमाने निर्णयाला पंधरा दिवस, पण उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या केंद्रात भेटीची वेळ मिळायलाच वेळ जातो, म्हणून जूनमध्ये हालचाल करा. प्रौढांचं शुल्क 2024 पासून 90 युरो, केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान 30 हजार युरोंचा. एगिशाइमची तळमजल्याची खोली सर्वांत आधी पकडा, कारण तशा खोल्या मोजक्याच असतात. ती रद्द करता येणारी घ्या. मग विमान, मग पॅरिस, मग दिजाँची ऑटोमॅटिक गाडी. रेल्वेची तिकिटं साधारण तीन-चार महिने आधी उघडतात आणि पहिल्या आठवड्यात स्वस्त असतात, ती व्हिसा हातात येईपर्यंत थांबवायची की नाही हे तुमच्या धीरावर. मी बदलता येणारी घेते.